योग्य पोशाखातले मामा

माझे मामा प्रवासाला कधी एकटे निघत नसत. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत आणखी तीन माणसं घडी घालून ठेवलेली असत. एक शेरवानीतले मामा, एक कोट-पाटलोणीतले मामा आणि एक मुकटा नेसून उघड्या अंगानं देवळात जाणारे सोवळ्यातले मामा. चौथे मामा, म्हणजे धोतर, पांढरा सदरा आणि डोक्याला रुमाल बांधलेले, त्या ट्रंकेवर बसून प्रवास करत.

"ज्या दाराचा जो कायदा असंल तो पाळावा," ते म्हणत. "मग कोणाच्या बापाचं भ्याव न्हाई."

मामा निजामाच्या राज्यातल्या हिंगोलीच्या मुन्सफ कोर्टात पेशकार होते. मुन्सफसाहेबांच्या शेजारी उभं राहून उर्दूतले कागद वाचून दाखवायचे, हे त्यांचं काम. तीस वर्षं कायद्याच्या इतक्या जवळ उभं राहिल्यामुळे त्यांचा कायद्यावर फार जीव होता. कळमनुरीच्या बाजारात माळीण म्हणाली, की अर्धा भोपळा कापून मिळणार नाही, तर मामा शांतपणे म्हणत, "कायदा दाखव." डॉक्टरांनी जेवणाआधी गोळी घ्यायला सांगितली, तरी तेच. माळीण हसे, डॉक्टर चिडत. मामा दोघांचंही अखेर ऐकत असत. कायदा कोणी तोडावा असं त्यांना वाटत नसे. तो कोणीतरी एकदा नीट दाखवावा, एवढंच त्यांचं म्हणणं असे.

माझे आईवडील मी चार वर्षांची व्हायच्या आतच गेले. मामी त्याआधीच गेलेल्या. मग मामांनी मला वाढवलं, आणि नवव्या वर्षी, सगळ्या गल्लीचा विरोध पत्करून, सिकंदराबादच्या मिशनच्या इंग्रजी शाळेत नेऊन घातलं. "बाटवतील पोरीला," असं शेजारच्या काकू म्हणाल्या. मामांनी त्यांनाही कायदा विचारला.

दिवाळीत आणि उन्हाळ्यात मामा मला आणायला येत. रात्रभर प्रवास करून सकाळी आठला आम्ही जंक्शनवर उतरत असू, आणि हिंगोलीची गाडी सुटायची दुपारी तीनला. ते सात तास मला अजून आठवतात, आणि आठवताना झोपेतून पाहिल्यासारखे दिसतात. प्लॅटफॉर्मवर कडुनिंब होता. त्याखाली बाक. ऊन हळूहळू रुळांवर चढे, हमाल ओझ्यांवरच आडवे होत, आणि समोर ती काचेच्या दाराची खोली असे. इंग्रजी खाण्याची खोली. दाराला पितळी मुठी, काचेवर अर्ध्यापर्यंत हिरवा पडदा. पडद्याच्या वरून नुसता छताचा पंखा फिरताना दिसे, अगदी सावकाश, जणू खोली पाण्याखाली होती. दारावर इंग्रजी पाटी होती. पहिल्याच वर्षी मामांनी ती मला वाचायला लावली.

"योग्य पोशाखाशिवाय आत प्रवेश नाही," मी सांगितलं.

मामा खूश झाले. "वा! साधा कायदा हाय. पाळून टाकू."

आणि त्यांनी तो पाळायला सुरुवात केली. खरं तर मामा बाहेरचं काही खात नसत. घरून आणलेल्या दशम्या आणि फिरकीच्या तांब्यातलं पाणी, याखेरीज प्रवासात त्यांच्या तोंडात काही जात नसे. मी विचारलं, "मामा, आत जाऊन तुम्ही खाणार काय?"

"खायचंय कोणाला? बसायचंय."

कशासाठी, ते काही सांगितलं नाही.

दारात गफूरभाई नावाचे म्हातारे बेअरर उभे असत. पांढरा साफा, कमरेला लाल पट्टा. पहिल्या खेपेला त्यांनी मामांचं धोतर पाहून मान हलवली. "धोतीकू मना है, पंडतजी. मैं क्या करूं, मेरेकू जो बोले वो बोलतौं."

"बराबर," मामा म्हणाले.

पुढच्या खेपेला शेरवानी, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली. या वेळी मॅनेजर स्वतः बाहेर आला. तो गोरा नव्हता, आमच्यापेक्षा थोडासाच उजळ होता, पण बोलणं मात्र अगदी गोरं. शेरवानी चालणार नाही म्हणाला. मामा बाकावर येऊन बराच वेळ विचार करत बसले. "मुन्सफांपुढं चालते, सुभेदारांपुढं चालते, अन् ह्यांच्या चहापुढं चालत न्हाई," ते म्हणाले. रागावून नव्हे, एखादी नवी नोंद करावी तसं.

मग धोतरावर कोट. तो नामंजूर. मग पाटलोण. ती हिंगोलीत शिवून घेतली, छावणी होती तेव्हा गोऱ्या सोजिरांचे कपडे शिवलेल्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडून. त्यानं चाळीस वर्षांपूर्वीच्या आठवणीवरून शिवली, आणि ती घालून मामा चालायला लागले की कुठंतरी बँड वाजतोय असं वाटे. तेव्हा मॅनेजरनं टाय मागितला. टाय आला तेव्हा पायातल्या वहाणा दिसल्या. बूट आले तेव्हा डोक्याचा रुमाल. प्रत्येक वेळी मामा "बराबर" म्हणत, आणि सहा महिन्यांनी तेवढी उणीव भरून काढून येत.

मध्ये त्यांनी रेल्वेला एक दरखास्तही केली. उर्दूत, कोर्टाच्या शैलीत, निम्मा कागद नुसता अदबीनंच भरलेला. तिचं इंग्रजी मी करायचं होतं. सगळी अदब काढल्यावर चार ओळी उरल्या. मामा हिरमुसले. "एवढीच? तकलीफ कुठं दिसून राहिलीय ह्याच्यात?" तीन महिन्यांनी छापील कार्ड आलं, की पत्र मिळालं. ते कार्ड त्यांनी साऱ्या कोर्टाला दाखवलं.

बुटांच्या खेपेचीच गोष्ट. आम्ही बाकावर परत येऊन बसलो, तोच एक गोरा ड्रायव्हर इंजिनावरून उतरला. अंगात कोळशानं काळा झालेला शर्ट, बाह्या वर सारलेल्या, गळ्यात गाठ मारलेला हातरुमाल. गफूरभाईंनी दार उघडलं आणि तो आत गेला. मामा उठून दारापाशी गेले.

"गफूरभाई, ह्याचा टाय कुठं हाय?"

गफूरभाईंनी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाले, "पंडतजी, उनो तो पैदा हुए सो टाय पहनकेच हुए."

मामा इतके हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. मग मला म्हणाले, "कायदा बराबर हाय गं. पाहणाऱ्याचे डोळे बराबर न्हाईत."

हे वाक्य मी मनात ठेवलं, आणि बारा वर्षांच्या मुलीनं करावा तसा त्याचा भलत्या ठिकाणी उपयोग केला. आमच्या ओसरीच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप असे. कळमनुरीकडच्या एका गावच्या महारवाड्यातला सटवा नावाचा माणूस कोर्टाच्या तारखेला येई. मामा त्याचे अर्ज फुकट लिहून देत, त्याच्या खटल्याची त्यांना फार काळजी असे, आणि त्याला चहा त्या कपातून देत, ओसरीखाली अंगणात. सटवा कप विसळून परत कोनाड्यात ठेवी. त्या सुट्टीत सटवा धुतलेले कपडे, इस्त्रीचा कोट घालून आला होता. तो गेल्यावर मी मामांना विचारलं, "कपाचा कायदा कुठं लिहिलाय?"

मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या तारखेला सटवा आला तेव्हा कोनाडा रिकामा होता. मामांनी घरातला पितळी पेला आणला. "वर बस, सटवा," म्हणाले. सटवा ओसरीच्या कडेला टेकला आणि पेला दोन्ही हातांनी धरून चहा प्याला. घरात मात्र त्यांनी त्याला बोलावलं नाही. तेवढं त्यांच्यानं झालं नाही, आणि ते झालं नाही हे त्यांना कळत होतं. त्यानंतर किती तरी दिवस त्यांनी कोणालाच कायदा विचारला नाही.

महायुद्ध सुरू झालं आणि साहेबी हॅट कुठं मिळेना. मी पंधरा वर्षांची असताना, उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा अखेर ती घेऊन आले. करड्या रंगाची. आता काहीच उरलं नव्हतं. जंक्शनवर उतरल्यावर त्यांनी नळावर तोंड धुतलं, आडोशाला जाऊन कपडे बदलले आणि माझ्यासमोर उभे राहिले. "बघ. काही ऱ्हायलं का?"

मी नीट पाहिलं. काही राहिलं नव्हतं.

गफूरभाईंनी त्यांना पाहून सलाम केला आणि दाराची एक फळी स्वतःच उघडली. मॅनेजर आला. त्यानं मामांना हॅटपासून बुटांपर्यंत पाहिलं, मग बुटांपासून हॅटपर्यंत. त्याला काही सापडेना. मला वाटलं, झालं. मग तो म्हणाला, "आज सगळी टेबलं राखून ठेवलेली आहेत." उघड्या फळीतून मला चार रिकामी टेबलं दिसत होती.

तेवढ्यात मागून कोणीतरी माझं नाव घेतलं. मिस पार्कर, आमच्या शाळेतल्या बाई. त्या त्याच गाडीनं मनमाडकडे चालल्या होत्या, आणि इंजिन बदलायला गाडी अर्धा तास थांबणार होती. "मालती, ये, माझ्याबरोबर चहा घे," म्हणत त्यांनी माझा हात धरला. माझा फ्रॉक रात्रभराच्या प्रवासानं चुरगळलेला, वेणीची एक रिबन हरवलेली, एका बुटाची नाडी सुटलेली. मॅनेजर बाजूला झाला आणि हसला. मामाही बाजूला झाले. त्यांनी हॅट काढली आणि आमच्यासाठी दार धरून उभे राहिले. असं करतात हे त्यांनी कुठं पाहिलं होतं, कोण जाणे.

आत फार थंड होतं. मीठदाणी, घडी घातलेले रुमाल, चमच्यांचा बारीक आवाज, सगळं लांबून येत होतं. इतकी वर्षं मला माहीत नव्हतं, की आतल्या खुर्चीवरून त्या विरळ पडद्यातून बाहेरचं सगळं दिसतं. कडुनिंबाखाली मामा बाकावर बसले होते. ताठ, हात गुडघ्यांवर, टायसकट. एवढ्या मोठ्या प्लॅटफॉर्मवर ते फार लहान दिसत होते.

मिस पार्करनीही तिकडं पाहिलं. "तो हॅटवाला माणूस तुझ्याबरोबर आहे ना? घरचा नोकर का?" त्यांनी सहज, प्रेमानंच विचारलं.

मी टोस्टचा तुकडा तोंडात घातला. तोंडात घास असताना बोलायचं नाही, हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. मिस पार्करनी दुसऱ्या कुठल्या तरी गोष्टीबद्दल बोलायला सुरुवात केली.

मी चहा अर्धा टाकून उठले आणि बाहेर आले.

"झाला चहा? पंखा थंड होता का गं?" मामांनी विचारलं.

"हो."

"खुर्चीला गादी?"

"वेताची होती."

"अन् टेबलावर काय काय?"

मी सांगत गेले. ते ऐकत राहिले, मध्येच "असं का," म्हणत. त्यांच्या कपाळावर हॅटचा लाल वळ उठला होता. मला ते बघवेना. मी म्हटलं, "मामा, तुम्हाला वाईट वाटलं?"

"मला काहून वाईट वाटंल?" मग रुळांकडे बघत म्हणाले, "तुला त्या शाळंत घातलं ना, तवाच मला दिसलं. हे लेकरू एक दिवस असल्या दारातून आत जाणार. म्हणलं, तवा आपण भाएर राहू नये. आधीच जाऊन बसून घ्यावं. दाराला आपली वळख असावी. एवढंच होतं, दुसरं काय." मग स्वतःलाच समजावल्यासारखं, "गेलीस ना तू आत. बराबर झालं."

मनमाडच्या गाडीची पहिली घंटा झाली. मिस पार्कर अजून आतच होत्या.

मी उठले. वर्गात माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोहोचत नाही, अशी माझ्या प्रगतिपुस्तकात दरवर्षी तक्रार असे. गफूरभाईंनी दार उघडलं. मी दारातच उभी राहिले आणि इंग्रजीतून म्हणाले, "मिस पार्कर, ते नोकर नाहीत. ते माझे मामा आहेत. त्यांनी मला वाढवलं. त्यांचा पोशाख योग्य आहे."

सगळ्या खोलीतले चमचे थांबले, असं मला वाटलं. खरं तर एखादाच थांबला असेल. मिस पार्करांचा चेहरा गळ्यापर्यंत लाल झाला. त्या मॅनेजरकडे वळून काही म्हणाल्या, मॅनेजर टेबलांबद्दल काही म्हणाला. मी ऐकायला थांबले नाही. तशीच बाकापाशी परत आले.

"काय ऱ्हायलं होतं आत?" मामांनी विचारलं.

"मिसना सांगायचं राहिलं होतं. तुम्ही माझे कोण ते."

"इंग्रजीत सांगितलंस?"

"हो."

"मोठ्यानं?"

"हो."

मामांनी घसा खाकरला. शेजारी ठेवलेली हॅट त्यांनी उचलून मांडीवर घेतली, आणि सरकून मला बाकावर जागा दिली.