चादरीवरचं रसायनशास्त्र

"रसायनशास्त्रात अवघड काय आहे? शिकवणारा हवा!" असं मी छाती फुगवून म्हणालो आणि तिथेच फसलो! मी विमा कंपनीतला कारकून. पण दुसऱ्या दिवशी लेकीची परीक्षा, समोर मुक्कामाला आलेले सासरे. माघार कशी घेणार?

पलंगावरची नवीकोरी चादर मी खस्सकन ओढली. "ही चादर म्हणजे इलेक्ट्रॉन. एका टोकाला मी हायड्रोजन, दुसऱ्या टोकाला आजोबा हायड्रोजन आणि मधे आई, म्हणजे ऑक्सिजन. चादर सगळ्यांची सामाईक! हा सहसंयुज बंध. झालं पाणी!"

"फाटली तर बघा हं!" ऑक्सिजन कडाडला.

"नाही गं फाटत, ओढ तू! जो जास्त जोरात ओढतो, त्याची विद्युतऋणता जास्त."

बायकोने असा हिसका दिला, की दोन्ही हायड्रोजन फरफटत मधे आले. सासऱ्यांना कोण आनंद! "जावईबापू, लहानपणापासून अशीच आहे ही!"

"आणि मीठ, बाबा?" लेकीने विचारलं.

"एकदम सोप्पं! सोडियम ओढाताण करतच नाही. आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन मोकळा होतो. आता आई क्लोरीन आणि मी सोडियम. हे बघ!"

आणि मी चादर सोडली.

बायको सासऱ्यांवर, सासरे चहाच्या ट्रेवर, चहा चादरीवर! दणका ऐकून शेजारच्या वहिनी धावत दारात आल्या. मी मात्र शिकवण्यात पार रंगलेलो. "मी सोडलं! जे होतं ते सगळं हिला देऊन टाकलं!"

वहिनींचा चेहरा पांढराफटक! "अहो भाऊजी, निदान पोरीचा तरी विचार करा!"

"घाबरू नका काकू," लेक म्हणाली, "बाबांनी सोडलं, म्हणूनच आता दोघं एकमेकांना घट्ट चिकटणार!"

वहिनींनी तिला पोटाशी धरलं आणि चक्क रडायला लागल्या. "लेकराला किती ती आशा!"

"अहो, हे मीठ आहे!" मी ओरडलो.

"जखमेवर मीठसुद्धा चोळताय?"

शेवटी सासऱ्यांनीच स्वतःची दुखरी कंबर धरून वहिनींना सगळं समजावलं, तेव्हा कुठे त्यांचे डोळे कोरडे झाले. बायकोने मात्र ती चादर माझ्या हातात कोंबली.

पेपर तपासून आला. बंधाच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी! लेक नाचतच घरी आली. "बाईंनी भर वर्गात विचारलं, इतकं छान कोणी समजावलं म्हणून!"

"मग? काय सांगितलंस?" मी कॉलर ताठ केली.

"आईने! एकाच हिसक्यात!"

मी कॉलर खाली केली आणि मोरीत बसून चादरीवरचे ते न निघणारे चहाचे डाग पुन्हा घासायला लागलो!