श्रीवत्सरावांनी जाहिरातीच्या बळे नाशिक कसे जिंकिले त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनीस स्मरून आणि फोनची बॅटरी पुरती भरून लेखक निवेदन करितो की, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, बीदर प्रांती भालकी मुक्कामी राजेश्री श्रीवत्सराव यांनी जाहिरातीस पैका घातला, तो वसूल झाला की मातीत गेला, हे तमाम फ्रीलान्सर मंडळींस कळावे, म्हणोन जे घडले ते कमीजास्त न करिता लिहिले असे.

श्रीवत्सराव हे घरबसल्या कंप्युटरावर दुकानांची बोधचिन्हे आणि मालाची लेबले काढणारे. हुन्नर अव्वल, परंतु गिऱ्हाईक तमाम सोयरेधायरे. आणि सोयऱ्यांनी काम करवून घ्यावे, मग मोबदला म्हणोन डबाभर शेंगापोळ्या द्याव्या, आणि 'आपल्याच घरचं काम हाय की' म्हणत निघून जावे, ऐसा तीन वर्षांचा दस्तूर. तेव्हा तीर्थरूप नरहरराव, निवृत्त हेडमास्तर, यांनी घटस्थापनेस फर्मान काढिले की, दिवाळीच्या पाडव्याआत एक परका, तोंड पाहून नव्हे तर काम पाहून पुरते दाम मोजणारा हजर करावा. न केल्यास गुलबर्ग्यास ओळखीच्या शाळेत क्लार्कची जागा धरावी. ऐकून श्रीवत्सरावांचे धाबे दणाणले. आयुष्यभर हजेरीपट आखीत बसणे त्यांस मरणप्राय होते.

मग जिवलग दोस्त रत्नपाल, तालुक्याच्या कॉलेजात कॉमर्स शिकविणारे, यांजशी मसलत जाहली आणि ठरले की इंटरनेटावर पैसे भरून जाहिरात सोडावी. भालकीभोवतीचा मुलूख नेमिला, जाहिरात एकदा दाबिली की सहा रुपये खर्ची, ऐसा करार केला, तीन हजारांचा खजिना भरिला आणि तोफेस बत्ती दिली. दोन दिवसांत जाहिरात पाचशे वेळा दाबिली गेली! श्रीवत्सरावांनी पेढे आणविले. पण हाय रे दैवा, पाचशांत एकानेही कामाचे विचारिले नाही, आणि खजिना मात्र खलास.

चौकशी करिता उघड झाले की, मातुःश्री अन्नपूर्णाबाई यांनी उदगिरापासून औरादपर्यंतच्या मावश्या, माम्या आणि चुलत्या यांस व्हॉट्सॲपवर हुकूम धाडिला होता की, आपल्या लेकराची जाहिरात दिसली की दाबावी, सोडू नये. आणि फौज इमाने दाबीत सुटली. ठाणाकुशनूरच्या आत्याबाईंनी तर पूजा आटोपून सकाळी एकवीस आणि सांजेस एकवीस वेळा दाबिली. श्रीवत्सरावांनी डोके धरिले, तो मातुःश्रीच कडाडल्या, "कामून वरडायलास? तुझ्या भल्यासाठीच दाबायलोत की आम्ही!"

तेव्हा रत्नपालांनी नकाशा पसरिला आणि सोयऱ्यांचा शोध मांडिला. बीदर, गुलबर्गा, लातूर, नांदेड, हैदराबाद, पुणे, सर्व मुलूख आप्तांनी व्यापिलेला. एक नाशिक तेवढे मोकळे सापडले. मग पदरचे शेवटचे सहाशे घालून जाहिरात केवळ नाशकावर सोडिली, आणि घरात खबर लागो दिली नाही. सात दिवस सन्नाटा. श्रीवत्सरावांस अन्न गोड लागेना. पाडवा परवावर आला असता नाशिककर जयंतीबाई, मसाल्याचा धंदा करणाऱ्या, यांचा फोन आला, नमुने पसंत पडले, सहा लेबलांचे नऊ हजार कबूल झाले, आणि आता गड हाती येणार इतक्यात बाईंनी गोड आवाजात पुसले, "बोलण्यावरून बीदरकडचे वाटता. आमच्या थोरल्या जाऊबाईंचं माहेर भालकीच. तुम्ही कुणाचे हो?"

येथे श्रीवत्सरावांस दरदरून घाम फुटला. 'कुणाचे' ऐसे पुसले की या मुलखातला माणूस पणज्यापासून सुरू होतो. मग त्यात जाऊबाई निघतात, मग नाते निघते, आणि मग नऊ हजारांच्या शेंगापोळ्या होतात. दारात अन्नपूर्णाबाई कान देऊन उभ्या, आणि 'मास्तरांचा म्हण की' ऐसे हातवारे करीत होत्या. श्रीवत्सरावांनी आईकडे पाहिले, मग भिंतीकडे तोंड केले आणि म्हणाले, "मी कुणाचाच न्हाई, बाई."

पैसे त्याच दुपारी जमा झाले. पाडव्यास नरहररावांनी पावती चष्मा लावून दोनदा वाचिली, गिऱ्हाईक परके असल्याची खात्री केली आणि गुलबर्ग्याचा विषय कायमचा बंद केला. सबब दप्तरी नमूद केले की, एकंदर छत्तीसशे घालून नऊ हजार आणिले, श्रीवत्सरावांची फत्ते जाहली, आणि फ्रीलान्सराने जाहिरातीस पैका जरूर घालावा. मात्र जेथे आपणांस काळे कुत्रे ओळखीत नाही, तेथेच.

मग विजयाची पंगत बसली, आणि अन्नपूर्णाबाई वाढीत वाढीत लेकाच्या पानापाशी आल्या, डोक्यावरला पदर नीट केला, आणि परक्यास पुसावे तैशा अदबीने पुसत्या झाल्या, "पाव्हणं, भात घेणार का?"