डोंगराने डोळा उघडला तेव्हा

दुपारी गेम हातात घेतो आणि सातच्या आत परीक्षण टेबलावर ठेवतो, असं उपसंपादकाने छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा त्याने जन्मात एकही व्हिडिओ गेम खेळलेला नव्हता. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुराला कात्री लावणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावाचं सदर मिळायची ही पहिली संधी होती. अशा वेळी माणूस विमानसुद्धा चालवतो म्हणतो. मथळाही त्याने आधीच ठरवला: बलस्थानं आणि उणिवा. दोन रकाने, मध्ये रेघ.

गेम तलवारींचा आणि जादूचा. आपण शिलेदार व्हायचं, वाटेत सोबती जोडायचे आणि राज्य जाळत सुटलेल्या ड्रॅगनला गाठायचं. अडचण एकच. या राज्यात जो तो बोलत होता. मग एक बटण दाबलं की समोरच्याचं बोलणं तुटतं, हे उपसंपादकाला कळलं आणि त्याला पहिलं बलस्थान सापडलं. एक तिरंदाज मुलगी हरवलेल्या भावाबद्दल सांगू लागली, बटण. म्हातारा मांत्रिक म्हणाला, हे नीट ऐक, पुढे उपयोगी पडेल, बटण. लोहाराला तर त्याने तोंडही उघडू दिलं नाही.

डोंगराच्या पायथ्याशी पोचून त्याने मागे पाहिलं, तर चिटपाखरू नाही. मुलगी गेली, मांत्रिक गेला, घोडासुद्धा गेला. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘सोबत्यांना तुमच्याशी बोलण्यात अर्थ वाटेनासा झाला आहे.’

उपसंपादकाने उणिवांच्या रकान्यात लिहिलं, ‘पात्रं फार मनाला लावून घेतात,’ आणि एकटाच वर चढला. ड्रॅगन काही दिसला नाही. थंडीने मात्र मेला. पुन्हा चढला, पुन्हा मेला. कपडे वाळत घालायला निघालेली बायको जाता जाता म्हणाली की तिला त्या घोड्याचं म्हणणं पटतं.

सोफ्यावर सासूबाई होत्या. निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. नोकरीभर त्यांनी लोकांचं बोलणं जोडून दिलं होतं आणि त्यातलं बरंचसं, नियम बाजूला ठेवून, ऐकलंही होतं.

“जावईबापू, त्या मुलीच्या भावाचं काय झालं?”

“माहीत नाही, आई.”

“म्हणजे विचारलंच नाहीत?”

“मला सातच्या आत लेख द्यायचाय.”

“आणा तो रिमोट इकडे.”

सासूबाई डोंगराकडे फिरकल्याच नाहीत. त्या मागे गेल्या, मुलीची समजूत काढली आणि ऐकत बसल्या. भाऊ डोंगरावर लाकडं तोडायला गेला होता, आणि पहिला घाव घालताच खालची जमीन कण्हली होती. हे त्यांनी लोहाराला सांगितलं, तर त्याने आपली भट्टी विझवली. मांत्रिकाला सांगितलं, तर तो रडला. एकाला सांगितलेलं दुसऱ्याला कळत होतं, गावागावांतून त्यांच्याआधी त्यांची बातमी पोचत होती. घोडा आपणहून आला. उपसंपादक सोफ्याच्या कडेला टेकला, मग जमिनीवर सरकला, मग टीव्हीच्या इतका जवळ गेला की बायकोने त्याला कॉलर धरून मागे ओढलं.

सगळे डोंगरावर चढले आणि मांत्रिकाच्या सांगण्यावरून गप्प बसले. कोणी तलवार काढली नाही. सावकाश झाडं एका बाजूला कलली, परत सरळ झाली. डोंगर श्वास घेत होता. मग समोरचा कडा पापणीसारखा वर सरकला आणि आत तळ्याएवढा सोनेरी डोळा उघडला. त्यात ढग दिसत होते, आणि ढगांखाली हाताच्या नखाएवढी ही माणसं.

बायकोच्या हातातला ओला टॉवेल तसाच ठिबकत राहिला. ड्रॅगन बोलू लागला.

फोन वाजला. संपादक विचारत होते, सात कधीच वाजून गेले, लेख कुठे आहे?

“जरा थांबा,” उपसंपादक कुजबुजला, “तो बोलतोय.”

“कोण?”

“डोंगर.”

मग संपादकांनी त्याला फक्त लिहायला बसायला सांगितलं. त्याने आतल्या खोलीत जाऊन जेमतेम अर्ध्या तासात, जे पाहिलं ते, सासूबाईंसकट लिहून काढलं. बलस्थानांचा रकाना रेघ ओलांडून पलीकडे गेला. उणिवांसाठी एकाच ओळीची जागा उरली: ‘हा गेम खेळायला सासू लागते आणि ती त्याच्या डब्यात येत नाही.’

संपादकांचा फोन लगेच आला. लेख त्यांना बेहद्द आवडला होता. सदर पक्कं, दर रविवारी.

“सासूबाईंना विचारून घ्या, दर आठवड्याला लिहायला जमेल का,” ते म्हणाले. “त्यांचा मजकूर तुम्ही तपासाल. तुमचा हात बसलेलाच आहे.”

उपसंपादक विचारायला बाहेर आला. सासूबाईंनी पडद्यावरची नजर न हलवता त्याला हाताने गप्प राहायची खूण केली. तोही निमूट खाली बसला. खरं सांगायचं तर, ड्रॅगन पुढे काय म्हणतो ते त्यालाही ऐकायचं होतं.