भुंग्याचं विलीनीकरण

सजीवांची रीतसर विभागणी झाल्याशिवाय सृष्टीचा कारभार चालू शकत नाही. (आधी चालत होता, पण विनापरवाना.) हे कार्य आम्ही वर्गीकरणतज्ज्ञ करतो. आमच्यात दोन गट आहेत. एका गटाला किड्याच्या पायावर एक केस जास्त दिसला की तो नवी प्रजाती जाहीर करतो. दुसऱ्या गटाला असा केस दिसतच नाही. आमच्या संग्रहालयात पहिल्यांना फोड्ये म्हणतात, दुसऱ्यांना जोड्ये. मी फोड्या. समोरच्या टेबलावरचा सहकारी जोड्या.

माझ्या नावावर भुंग्यांच्या एकोणचाळीस प्रजाती आहेत. (भुंग्यांना विचारलं तर डझनभर.) त्यांतली एक काळीभोर, चकचकीत, कपाळावर शिंग असलेली. तिला मी आईचं नाव दिलं. लग्नानंतर त्याच ओंडक्याखाली दुसरी सापडली: तपकिरी, बिनशिंगाची, गुपचूप राहणारी. तिला बायकोचं नाव दिलं. "शिंगवाली शिल्लक नव्हती का?" एवढंच बायकोनं विचारलं, पण त्या भुंग्याचा फोटो फ्रेम करून भिंतीवर लावला आणि माहेरीही पाठवला. शोधनिबंधात मी नमूद केलं होतं की, या दोन प्रजातींमध्ये जागेवरून हाडवैर असून त्या एकमेकींच्या अंगावर चढून झटापट करतात.

गेल्या महिन्यात नियतकालिकानं जोड्याचा एक लेख माझ्याकडे तपासायला पाठवला. (या भुंग्यांचे जाणकार जगात दोनच, आणि स्वतःचा लेख स्वतः तपासायची पद्धत अजून आलेली नाही.) लेखाचा दावा असा की, माझ्या या दोन प्रजाती म्हणजे एकच. शिंगवाले नर, तपकिरी माद्या.

मी तडक त्याच्या टेबलाशी गेलो. "मी डोळ्यांनी पाहिलंय त्यांना झटापट करताना."

जोड्या खाली मान घालून म्हणाला, "ती झटापट नव्हती हो."

त्यानं एका तपकिरी मादीची अंडी वाढवली होती. निम्मी पिल्लं शिंगवाली निघाली.

आमचा नियम असा की, आधी दिलेलं नाव कायम राहतं आणि नंतरचं रद्द होतं. म्हणजे आईचं राहणार, बायकोचं जाणार. 'अधिक पुराव्याची गरज आहे' एवढं लिहिलं असतं तर लेख दोनेक वर्षं सहज रखडला असता. आमच्यात हे वाक्य पाठ नसलेला माणूस नाही. मीही ते लिहायला घेतलं, जेवणाच्या टेबलावर. बायकोनं मागून वाचलं, मग लेखही वाचला.

"खरं आहे का हे?"

"शास्त्रीयदृष्ट्या पाहिलं तर..."

"खरं आहे का?"

"हो."

"म्हणजे भुंग्यातही आईंचंच चालणार." तिनं कागद खाली ठेवला. "मंजूर करून टाक. खोटं नाव नकोय मला."

आईला सांगितलं तेव्हा ती गहिवरली. "तिचंच राहू दे रे, मला मेलीला किड्याचं काय करायचंय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण नियम तो नियमच, नाही का?"

लेख मंजूर केला. बायकोनं भिंतीवरची फ्रेम उतरवून कपाटावर ठेवली. प्रजाती नामशेष होते म्हणजे काय होतं, हे मी आजवर फक्त वाचलं होतं. घरात दोन्ही बाजूंनी अबोला होता आणि मधे मी होतो.

अबोला सुटला तो वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले त्या सकाळी. आम्ही तिघं एकाच खिडकीत उभे राहिलो. आईनं त्यांच्या चपला पाहिल्या, बायको दारावरची पाटी वाचून आली, मी त्यांचं हमालांशी बोलणं ऐकलं. त्यांचं कपाट जिना चढायच्या आत ते कोणापैकी, घरात काय शिजवणार आणि त्यांच्याशी कितपत बोलायचं, हे एकमतानं ठरलं. अधिक पुराव्याची गरज कोणालाच भासली नाही.

आमच्या शास्त्रानुसार माणसाची प्रजाती एकच, यावर फोड्ये आणि जोड्ये दोघेही सहमत आहेत. आपण हसू नये. मी कोणापैकी, हे माझ्या बोलण्यावरून आपण दुसऱ्या परिच्छेदापर्यंत ठरवून टाकलं असेल. आणि आपल्या हातात तर साधं भिंगही नव्हतं.