मर्विनकाकांचा वारा

माझा हात हलत नाही. ही बढाई नाही, याला पुरावा आहे. आमच्या खोऱ्यातल्या प्रत्येक लग्नाच्या केकवर साखरेची नावं मीच काढतो, आणि आमची वेल्श नावं अशी की केक संपतो, नाव संपत नाही. तरी एक अक्षर वाकडं जात नाही! म्हणून रायफल क्लबातल्या एकाची कंबर धरली आणि नेस्टाने मला विचारलं, "गेथिन, टीमच्या सामन्यात हजार यार्डांवर मारशील का रे?" तेव्हा मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. विजयानंतर खायला मनुकांचा मोठा ब्रेडसुद्धा त्याच दिवशी भिजवायला घेतला.

नेस्टा आमची पोस्टमास्तरीण आणि टीमची कप्तान. सामन्याला इंग्लंडात जायचं होतं. गाडीत माझ्या शेजारी मर्विनकाका बसले होते, मांडीवर दुर्बिणीची पेटी घेऊन. टीमच्या सामन्यात वारा बघायचं काम कोचचं, आणि आमचे कोच मर्विनकाकाच. माझ्या जन्माआधीपासून तेच. काकांना जवळचं वर्तमानपत्र दिसत नाही, पण किलोमीटरभर लांबचं निशाण कसं फडफडतंय ते बघून गोळी किती ढकलली जाईल हे ते सांगतात. सांगायचे, असं लोक हल्ली म्हणू लागले होते. शेजारच्या खोऱ्याच्या टीमचा कप्तान, ब्लेदिन खाटीक, तर गेल्या वर्षी सगळ्यांदेखत म्हणाला होता, "मर्विनला आता वारा कळत नाही, नुसती थंडी कळते."

"यंदा वारा चुकला ना," काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तर ही पेटी नेस्टाच्या हातात देणार आणि घरी मेंढ्या मोजत बसणार."

"चुकतोय कशाने? मी आहे ना, काका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत फारसा धीर आलेला दिसला नाही.

मैदानावर त्यांनी मला नियम सांगितले. "गोळी झाडलीस की नवी भर, डोळे मीट, कपाळ मनगटावर टेकव. वाऱ्याच्या निशाणांकडे बघायचं नाही. मी खांद्यावर थाप मारली की डोळे उघड आणि झाड. स्वतःची अक्कल वापरायची नाही."

"ते मला जमेल."

"जमेल असं वाटतंय," नेस्टा मागून म्हणाली. ती आमच्या मागे खुर्ची टाकून गुण लिहायला बसली होती.

आता एवढंच लक्षात घ्या की रायफलच्या ज्या भोकातून नेम धरतात, त्याच्या बाजूला एक बारीक फिरकी असते. ती फिरवली की खट खट वाजते, आणि जितके खटके तितकी गोळी डावीउजवीकडे सरकते. गावच्या मैदानावर आम्ही जवळून मारतो, तिथे वाऱ्याचा त्रास नाही. त्यामुळे तिच्याशी माझा फारसा संबंध आला नव्हता.

पहिली गोळी नेमाच्या पाटीवर मधोमध! माझे कान जाड टोप्यांनी झाकलेले होते, तरी नेस्टाचं "वा" मला ऐकू आलं. मी भरलं, डोळे मिटले, कपाळ टेकवलं. वर काकांचा आवाज आला, "डावीकडे चार." मग थाप. मी डोळे उघडले, इमानेइतबारे डावीकडे चार खटके फिरवले आणि झाडली.

गोळी डाव्या कडेला.

"असं कसं?" काका पुटपुटले. "वारा पडला वाटतं. उजवीकडे चार."

थाप. मी उजवीकडे चार फिरवले. गोळी उजव्या कडेला.

मग हेच सुरू राहिलं. काका डावीकडे म्हणाले की गोळी फार डावीकडे, उजवीकडे म्हणाले की फार उजवीकडे. मी मात्र निश्चिंत. हात हलत नव्हता, श्वास बरोबर होता, दिलेला आकडा चुकत नव्हता. मला काकांची दया येऊ लागली होती. बिचारा म्हातारा, मनात म्हटलं, संपला.

"गेथिन, तू झटका देतोयस का रे?" नेस्टाने विचारलं.

"मी? माझा हात बघ."

"त्याचा हात बरा आहे," काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "वाराच मला कळेना झालाय."

एवढ्यात जोराची झुळूक आली. काका म्हणाले, "डावीकडे दहा." थाप पडली. मीही दहा दिले आणि आयुष्यात झाडली नसेल इतकी सुबक गोळी झाडली. आमच्या पाटीवर भोकच नाही! शेजारची पाटी भोक तपासायला खाली गेली आणि वर आली, तर तिच्यावर दोन भोकं. एक कडेला, ते ब्लेदिनच्या नेमबाजाचं. दुसरं अगदी मधोमध. आता नियम असा की एका पाटीवर दोन भोकं आली तर त्या पाटीच्या मालकाला त्यातलं चांगलं मिळतं. पलीकडून ब्लेदिनने माझ्याकडे बघून टोपी काढली.

सामना संपला तेव्हा आम्ही शेवटचे होतो आणि ब्लेदिनची टीम एका गुणाने पहिली. तो कुठला गुण हे सगळ्या मैदानाला ठाऊक होतं. माझा मनुकांचा ब्रेड गाडीच्या टपावर उघडा पडला होता आणि ब्लेदिनची माणसं तो मन लावून खात होती.

काकांनी दुर्बीण पुसली, पेटीत ठेवली आणि पेटी नेस्टाच्या पुढे केली. ती घेईना, तेव्हा तिच्या हातात ठेवूनच दिली. तिचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं, म्हणून मी काकांना धीर द्यायला गेलो.

"काका, तुम्ही जीव लावून सांगितलंत, मी जीव लावून फिरवलं. तुम्ही चार म्हणालात की चार, दहा म्हणालात की दहा. एक खटका इकडेतिकडे केला नाही. आणखी काय करायचं माणसाने?"

काका हळूच वळले. "तू काय फिरवलंस?"

"फिरकी."

"फिरकी मी फिरवत होतो."

"तुम्ही?"

"तुझे डोळे मिटलेले असताना. टीमच्या सामन्यात फिरकीला कोचचाच हात लागतो, गाढवा, शेंबड्या पोराला ठाऊक आहे."

"मग आकडे मोठ्याने कुणाला सांगत होतात?"

"मला," नेस्टा म्हणाली. "लिहायला."

मला तिथल्या तिथे गवतात गाडून घ्यावंसं वाटलं. टीम गेली, ब्रेड गेला, माझ्या मेहनतीने ब्लेदिन जिंकला, आणि एका म्हाताऱ्या माणसाचं मन मी खटक्याखटक्याने मोडत आणलं होतं. मी मान खाली घालून शिव्यांची वाट बघत उभा राहिलो. पण काका बोटांवर काहीतरी मोजत होते.

"चारच्या जागी आठ," ते म्हणाले. "दहाच्या जागी वीस. म्हणजे माझे चार बरोबर. माझे दहा बरोबर. नेस्टा, सगळे बरोबर!" त्यांनी पेटी तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. मग माझं मनगट पकडलं. "चल."

"कुठे?"

"ब्लेदिनकडे. सांग त्याला तू काय केलंस ते."

मी सांगितलं. ब्लेदिन हसताहसता माझा ब्रेड घशात अडकून लाल झाला. मग काकांनी मला यॉर्कशायरवाल्यांच्या तंबूत नेलं. तिथून आयर्लंडवाल्यांच्या टेबलाशी. तिथून पाट्या वरखाली करणाऱ्यांकडे. प्रत्येक ठिकाणी मला उभं करायचे आणि म्हणायचे, "हं, सुरुवातीपासून." दरवेळी मी अधिक मूर्ख ठरत होतो आणि काका अधिक ताठ उभे राहत होते. संध्याकाळपर्यंत माझा घसा बसला.

"काका," मी हात जोडले, "तुम्हाला वारा कळतो हे आता अख्ख्या मैदानाला कळलं. आता तरी पुरे?"

"पुरे कसं?" काका पेटी काखेत मारत म्हणाले. "स्कॉटलंडवाले अजून राहिलेत."