युवाप्रमुखांचा थेट संवाद

विरोधी पक्षात सगळी पदं वाटून झाली, तेव्हा तात्या रुसून बसले. त्यांना काहीतरी देणं भाग होतं, म्हणून युवक व मतदार जागृती विभागाचं प्रमुखपद दिलं. तात्या एकसष्ट वर्षांचे होते, पण केस काळेभोर ठेवून होते. पद मिळताच त्यांनी खेळाडूंसारखे बूट घेतले आणि एका महाविद्यालयात 'तरुणांशी थेट संवाद' जाहीर केला.

कार्यक्रम दुसऱ्या मजल्यावर होता. तात्यांना पहिल्याच मजल्यावर दम लागला. समोरच्या दारात एक बाई घड्याळ बघत उभ्या होत्या.

"आलात एकदाचे! मुलं कधीची खोळंबलीत," बाई म्हणाल्या. "आणि हे बघा, एकदा सुरुवात केली की थांबायचं नाही."

"बाई, आजवर मला थांबवणारेच भेटले हो!" तात्या गहिवरून म्हणाले.

आत वर्ग गच्च भरलेला. सगळे तरुण पेन सरसावून बसलेले आणि एकाच्याही हातात फोन नाही! तात्यांचा ऊर भरून आला. घरी त्यांची लेकसुद्धा त्यांचं वाक्य संपेपर्यंत खोलीत थांबत नसे.

"तरुण मित्रांनो," तात्यांनी सुरुवात केली, "तुम्ही म्हणजे, जे काही आहे, ते भवितव्य, आणि म्हणूनच मी तर म्हणेन, की ज्याला मत आहे, म्हणजे मतदानाचं, आणि मत म्हणजे विचार हेही आलंच, त्याने..."

पेनं भराभर चालू लागली. तात्या खोकले, तरी चालूच. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "सर, 'त्याने' काय करायचं?"

"प्रश्न विचारायचे नाहीत!" बाई मागून कडाडल्या. तात्यांना बाई फारच आवडल्या.

मग तात्या सुटले. वाक्यात वाक्य अडकत गेलं, क्रियापदाचा पत्ता नाही. मुलांना घाम फुटला. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आपलं भाषण काळजाला भिडलं याची तात्यांना खात्री पटली. बाईंनाही शंका येत होती, पण पेपर काढणारे काय वाट्टेल ते काढतात, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

इतक्यात एक गृहस्थ धापा टाकत दारात आले. "माफ करा, गाडी बंद पडली. मजकूर वाचायला सुरुवात करू ना?"

बाईंचा चेहरा पांढरा पडला. ती लघुलेखनाची परीक्षा होती, नोकरीसाठीची. त्यांनी तात्यांकडे पाहिलं. "मग तुम्ही कोण?"

"युवकांचा प्रमुख!"

"कुठल्या युवकांचा?" मुलीने विचारलं.

तेवढ्यात तात्यांचा मेहुणा जिन्यावरून धावत आला. "दाजी, इथे काय करताय? वर मी आणि माईकवाला दोघंच बसलोय!"

परीक्षा रद्द झाली. पुढची कधी होईल, ते कुणी सांगेना. दुसऱ्या दिवशी मुलांचा मोर्चा पक्षाच्या कार्यालयावर धडकला. त्या मुलीने टिपलेलं भाषण खोकल्यासकट मोठ्याने वाचून दाखवलं. रस्त्यावरची माणसं पोट धरधरून हसली. आत टेबलामागे बसून तात्यांनी आपलं भाषण आयुष्यात प्रथमच ऐकलं, आणि त्यांनाही ते समजलं नाही. मोर्चा तिथून थेट मतदार नोंदणीच्या कचेरीत गेला. ज्या पोरांनी आजवर त्या कचेरीचं तोंड पाहिलं नव्हतं, ती उन्हात रांग लावून उभी राहिली. या माणसाला आणि त्याच्या पक्षाला पाडायचंच, असं सगळ्यांनी ठरवलं होतं.

संध्याकाळी पक्षाध्यक्षांनी बोलावलं. तात्या राजीनामा खिशात घालूनच गेले.

"तात्या, नोंदणी कुठल्या कुठे गेलीय! इतक्या वर्षांत कुणाला जमलं नाही हे!"

"पण साहेब," तात्या चाचरत म्हणाले, "ती सगळी मतं आपल्या विरोधात जाणार..."

"ते तुम्ही कशाला बघता? तुमचं काम जागृतीचं. मतं मिळवायचा विभाग वेगळा आहे."

"तो कुणाकडे आहे?"

अध्यक्षांनी जरा आठवून पाहिलं. "कुणाकडेच नाही वाटतं. घेता का तोही?"

तात्यांनी, कार्यकर्त्यांचा आग्रहच आहे म्हणून, तोही घेतला. खोलीत त्या दोघांखेरीज कुणीच नव्हतं.