गच्चीवरील ऊन सर केल्याची हकीकत

माथ्यावरील सूर्य साक्ष ठेवून, ऐकीव ते वगळून, डोळां देखिले तेवढेच येथे लिहिले आहे. हकीकत ऐसी जे, चार मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राजमान्य शिवणकाकू शिलाई मशीनच्या तख्तावर विराजमान असत. परिचारिकांचे चाळीस गणवेश सोमवारी सकाळी इस्पितळात रुजू करणे होते, आणि न झाल्यास हे काम कायमचे कारखान्याकडे जाईल, ऐसे इस्पितळाने साफ कळविले होते. आणि वीज रोज बारास जाई ती तीनास येई. मग मशीन मुके होई आणि काकूंच्या हाती निव्वळ सुई उरे.

त्यांचे यजमान, भूगोलाचे निवृत्त मास्तर, यांनी सौरविजेची मसलत आठ महिने आधीच हाती घेतली होती. दोनशे व्हिडिओ पाहिले, तीन वह्या भरल्या, बॅटऱ्यांच्या साऱ्या जाती मुखोद्गत केल्या, आणि घरी एक स्क्रूदेखील आणिला नाही. कोणी पुसल्यास फर्मावीत की, अभ्यास चालू आहे. दुकानदाराने एसी, गीझर, ओव्हन ऐसा साऱ्या घराचा सरंजाम सुचविला, तेव्हा मास्तर हर्षभरित होऊन चौथी वही उघडू लागले. मग काकूंचा हुकूम सुटला की, घर मागाहून. आधी एक मशीन, एक दिवा आणि एक पंखा तीन तास चालावा, त्यास पुरतील तेवढे पॅनल, एक इन्व्हर्टर आणि एक बॅटरी उद्या दारी हजर करावी.

दुसरे दिवशी वायरमन सरंजामासह दाखल झाला आणि फौज गच्चीवर चढली. तेथे चौथ्या मजल्यावरील आप्पांचा अंमल. गच्ची सर्वांची, परंतु कुलूप आप्पांचे, कुंड्या आप्पांच्या, आणि चांगले ऊन तेही आप्पांचेच. त्यांनी मेहेरबान होऊन पाण्याच्या टाकीमागचा कोपरा बहाल केला, आणि मास्तरांनी वही उलटीसुलटी धरून तो पसंत केला. पॅनल बसले. दोन दिवस बॅटरीवरील भरती दाखविणाऱ्या चार बारीक दिव्यांपैकी एकच लुकलुकत राहिला. मशीनने सात टाके घातले आणि मान टाकिली. मास्तरांनी निवाडा दिला की बॅटरीच खोटी.

 काकू छत्री आणि खडू घेऊन भर उन्हात गच्चीवर बसल्या, आणि टाकीची सावली जेथे पोचे तेथे तासातासाला रेघ ओढीत गेल्या. सायंकाळी उलगडा झाला की, पॅनल दिवसाचा दिवस सावलीत होते, आणि ज्यांनी तीस वर्षे मुलांस सूर्याची वाट शिकविली त्यांनीच ते तेथे बसविले होते. जेथे एकही रेघ पोचली नाही तेथे आप्पांच्या अकरा कुंड्या होत्या, पैकी नवांत नुसती माती.

आप्पांकडे अर्ज गेला. त्यांनी कळविले की, कुंड्या हलविल्यास मुळांस धक्का बसतो.

"मातीला कसली मुळं, आप्पा?" काकूंनी विचारले. आप्पांनी किल्ली खिशात टाकली आणि दार लोटले.

मग काकूंनी चाल पालटली. आप्पांच्या पत्नी माई यांचा पोशाख, लेकीच्या लग्नात घालावयाचा, काकूंच्याच टेबलावर बाह्यांवाचून पडला होता. माई चौकशीस आल्या, तेव्हा काकू अदबीने म्हणाल्या, "माई, वीज नाही म्हणून मशीन बंद, आणि कुंड्या हलत नाहीत म्हणून वीज नाही. मी तरी काय करू?"

माई वर गेल्या. दार लागले. आत काय तह झाला हे लिहिणारास ठाऊक नाही, परंतु थोड्याच वेळात आप्पा घामाघूम होऊन स्वहस्ते कुंड्या वाहताना दिसले आणि नरमाईने पुसत होते, "वहिनी, एवढं सरकवलं तर चालेल, की अजून?"

काकूंनी अजून सरकवावयास लाविले.

पॅनल नव्या मुलखात बसले आणि शनिवारी सायंकाळपावेतो बॅटरीवर चारही दिवे लागले. रविवारी बारास वीज गेली आणि मशीन चालतच राहिले. काकूंनी क्षणभर पाय उचलला, पुन्हा दाबला. मशीन पुन्हा घरघरले. त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी बाहीस पुसले आणि गणवेश पुढे सरकविला. इतक्यात मास्तरांस विजयाचा उन्माद चढून त्यांनी इस्त्री जोडली, आणि इन्व्हर्टरने किंकाळी फोडून शस्त्र खाली ठेविले.

"अहो, ती इस्त्री काढा आधी!"

"मी फक्त क्षमता तपासत होतो."

"तपासलीत ना? आता बसा इथे, बटणं लावा."

मास्तर सुईदोरा घेऊन बसले. इन्व्हर्टर पुनश्च उभे राहिले, मशीन धावू लागले, आणि एकामागून एक गणवेश घडी होऊन खोक्यात गेले. येणेप्रमाणे मोहीम फत्ते झाली, चाळिसावा गणवेश पुरा झाला, माईंच्या पोशाखास बाह्या लागल्या, मास्तरांनी सोळा बटणे लाविली, पैकी तेरा सरळ, हे दाखल व्हावे. मध्यंतरी वीज आली. ती केव्हा आली हे कोणास कळले नाही.